खंजिरीवरचा कवी
(बी. ए. भाग २)

आमच्या घरात पुस्तक असे एकच होते. लाल कापडात गुंडाळलेले, देवाच्या फळीवर ठेवलेले. गंमत अशी, की घरात ते कुणालाच वाचता येत नव्हते. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, आयुष्यभर अंगठा उठवणारे, आजीचेही तेच, वडील दुसरीतून ढोरे चारायला गेले ते परत शाळेत आलेच नाहीत. मी तिसरीत गेलो तेव्हा एका संध्याकाळी आबाजींनी फळीवरून ते पुस्तक काढले, कापड सोडले आणि माझ्या मांडीवर ठेवून वाच म्हणाले. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून अडखळत एक चरण वाचला, की पुढचा चरण आबाजी स्वतःच म्हणून मोकळे होत. वाचता न येणाऱ्या माणसाला पुस्तक पाठ कसे, हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नव्हते. ते पुस्तक म्हणजे ग्रामगीता, आणि ती लिहिणारे तुकडोजी महाराज स्वतः तिसरी-चौथीच्या पलीकडे शिकले नव्हते, हे मला फार उशिरा कळले. म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा यांची इयत्ता आमच्या घरात त्या दिवशी जवळजवळ एकच होती!

आमचे गाव राळेगाव तालुक्यात, वर्धा नदीच्या अंगाचे. आबाजींनी तीस वर्षे एका घरी सालदारकी केली. दिवसा औत, संध्याकाळी खंजिरी. मी यवतमाळला शिकायला आलो, वसतिगृहात राहू लागलो, तेव्हा कुणी विचारले तर आजोबा शेती करतात असे सांगत असे. शेती होती खरी, पण दुसऱ्याची. आणि ते खंजिरीवर भजने म्हणतात हे तर मी वर्षभरात कुणालाही सांगितले नाही. मागच्या वर्षी मराठीच्या तासाला गीतकारांचा विषय निघाला. माडगूळकर झाले, खेबूडकर झाले, पठ्ठे बापूरावांपर्यंत गोष्ट मागे गेली. आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत ज्याची गाणी आजही सर्वांत जास्त म्हटली जातात, त्याचे नाव कुणी घेतले नाही. मला ते ठाऊक होते, पण मी उठलो नाही. उठलो असतो तर घरचे सगळेच सांगावे लागले असते. त्या दिवशी जे सांगितले नाही ते येथे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तुकडोजी महाराजांवर संत म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या नावावर चमत्कारांच्या कथाही आहेत. त्या मी ऐकल्या आहेत, पण येथे सांगणार नाही. माझा विषय आहे तो गाणी रचणारा माणूस.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. शाळेत मन रमले नाही. देवळातल्या भजनात मात्र तासन्‌तास रमे. पुढे वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे हा मुलगा ओढला गेला आणि त्यांनाच त्याने गुरू मानले. तुकाराम महाराजांचे अभंग म्हणावेत आणि भाकरीच्या मिळालेल्या तुकड्यांवर राहावे, असा त्याचा क्रम. त्यावरून गुरूंनी त्याला तुकड्या म्हटले, असे सांगतात. हे नाव चिकटले ते कायमचेच. पुढे हजारोंच्या सभेत राष्ट्रसंत म्हणून गौरव झाला, तरी प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात नाव यायचे ते तुकड्या किंवा तुकड्यादास. एखाद्याने मोठेपणी नाव बदलून घेतले असते. यांनी भाकरीचा तुकडा आपल्या सहीत ठेवला. मला या माणसाविषयी प्रथम जिव्हाळा वाटला तो या सहीमुळे.

आडकोजी महाराज गेले तेव्हा माणिक बारा-तेरा वर्षांचा पोर होता. त्यानंतरची काही वर्षे त्याने रानावनात काढली. रामटेक, सातपुड्यातले सालबर्डी, चिमूरकडच्या जंगलातले रामदिघी आणि गोंदोडा ही त्या भटकंतीतली ठिकाणे. या काळातल्या भजनांत बहुतेक देवाची आळवणी आहे. एकट्या माणसाने एकट्यासाठी म्हणावे असा त्यांचा सूर आहे. पण जंगलातून हा तरुण गावात येई, आणि गावात आला की लोक जमत. हातात एक खंजिरी एवढेच भांडवल. पेटी नाही, तबला नाही, साथीला कुणी असलेच तर टाळ.

खंजिरी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. लाकडाचे एक लहान कडे, एका बाजूने चामड्याने मढवलेले, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पावसाळ्यात चामडे सादळले की आवाज बद्द होतो. मग शेकोटीवर शेकून घ्यावी लागते. आबाजी ती पोळीसारखी उलटसुलट शेकतात, कानाजवळ नेऊन टिचकी मारतात, पुन्हा शेकतात. फारसा खर्च नसलेले, काखेत मारून कोसभर चालता येईल असे हे वाद्य आहे. तबल्याला बसायला जागा लागते, पेटीला उचलायला माणूस लागतो. खंजिरीला यातले काहीच लागत नाही, आणि मैलोन्‌मैल पायी फिरणाऱ्या गीतकाराला दुसरे कुठले वाद्य पेलले असते असे मला वाटत नाही.

आता गाण्यांच्या बांधणीकडे वळतो, कारण आबाजींच्या पाठांतराचे कोडे मला तिथेच सुटले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी त्यांच्या भजनांची पुस्तके काढून पाहिली. पुष्कळ भजनांच्या डोक्यावर तर्ज दिलेली असते, म्हणजे हे भजन अमुक चालीवर म्हणावे. आधी मला हे कमीपणाचे वाटले. स्वतःची चाल का नाही? मग लक्षात आले, की गावातल्या माणसाला चाल आधीच ठाऊक असेल तर त्याला फक्त शब्द शिकायचे उरतात. निम्मे गाणे त्याच्यापाशी असतेच. त्यात ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते. मुख्य भजनी एक ओळ म्हणतो, मागचे सगळे ती झेलून पुन्हा म्हणतात. म्हणजे प्रत्येक ओळ दोनदा कानावर पडते आणि एकदा तोंडातून जाते. कडवी तीन-चार, त्याहून जास्त क्वचित. शेवटच्या कडव्यात सही आली की गाणे संपत आले हे अगदी लहान पोरालाही कळते. एका रात्रीत अशी चार भजने झाली, तर सकाळी घरी जाणाऱ्याच्या तोंडात त्यातले एक तरी पूर्ण असणारच. वहीची गरजच ठेवलेली नाही! ज्यांना वही परवडत नव्हती आणि वापरताही येत नव्हती अशा लोकांसाठी ही गाणी बांधलेली आहेत.

भाषेचेही तसेच. त्यांनी मराठीत रचना केली आणि हिंदीतही भरपूर केली. त्यांच्या 'लहरकी बरखा' या हिंदी संग्रहाचे नावच बघा. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे नवल वाटेल. पण आमचा भाग तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता; १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होती. बाजारात, रेल्वेत, कचेरीत हिंदी कानावर पडतच असे. महाराजांची हिंदी म्हणजे ही ऐकून आलेली, वऱ्हाडी उच्चारांची हिंदी. व्याकरणाचा शिक्षक तिच्यात लाल रेघा ओढील. पण या हिंदीनेच त्यांचे गाणे पुढे वऱ्हाडाबाहेर नेले.

१९३५ साली सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला. लाखो लोक जमले. त्याच वर्षी नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या मोझरी गावाजवळ गुरुकुंज आश्रम उभा राहिला. त्या वेळी वय होते अवघे सव्वीस! पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींनी त्यांना वर्ध्याजवळच्या सेगावला बोलावून घेतले. याच सेगावला नंतर सेवाग्राम हे नाव मिळाले. महाराज तेथे महिनाभर राहिले आणि रोज भजन म्हणत. गांधीजींचे मौन असताना भजन ऐकून त्यांनी मौन विसरून आणखी एक म्हणायला सांगितले, अशी आठवण आमच्याकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, या महिन्यानंतर गाण्यांत बदल झालेला दिसतो हे मात्र खरे. भजनात चरखा येऊ लागला, खादी आली, गावची घाण आली, अस्पृश्यता आली. देवाला हाक मारणारा सूर तोच, खंजिरीही तीच. हाक आता गावाला जाऊ लागली. मला त्यांच्या कारकिर्दीतले हे वळण सर्वांत मोठे वाटते. भक्तिगीते रचणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. रस्ता झाडण्यावर, दारू सोडण्यावर, लग्नातल्या उधळपट्टीवर भजन रचायचे आणि ते देवळात म्हणायचे, हे धाडस वेगळे आहे. लोक देवाचे ऐकायला बसलेले आणि त्यांच्या कानावर गटार उपसण्याचे गाणे पडते!

मग १९४२ साल आले. १६ ऑगस्टला चिमूर पेटले, आष्टी पेटली. यावली आणि बेनोड्यालाही गोळ्या चालल्या. ही सगळी गावे महाराजांच्या भजनांच्या टापूतली. त्यांच्या भजनांनी लोक चेतवले असा सरकारचा समज झाला, आणि तो अगदीच चुकीचा होता असेही म्हणता येणार नाही. त्या दिवसांतली त्यांची काही भजने उघड उघड लढ्याची आहेत. ऑगस्ट महिना संपायच्या आत त्यांना चांद्याला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात तीन महिन्यांहून अधिक काळ ते होते. मी इतिहासाचाही विद्यार्थी आहे. आमच्या पुस्तकात बेचाळीसच्या चळवळीत पत्रके, भूमिगत रेडिओ, भाषणे यांची माहिती असते. पण ज्या गावात पत्रक वाचणारे दोघे आणि रेडिओ एकही नाही, तिथे चळवळ पोचली कशी, हे त्यात सापडत नाही. चिमूरला ती भजनाच्या चालीवर पोचली. पत्रक जप्त करता येते, तोंडात बसलेले ध्रुवपद कुठून जप्त करणार?

तुरुंगातून सुटल्यावर कामाला संघटनेचे रूप आले. १९४३ च्या सुमारास श्रीगुरुदेव सेवा मंडळ आकाराला आले, मासिक निघाले, गावोगाव शाखा झाल्या. प्रत्येक शाखेत दोन गोष्टी ठरलेल्या. पहाटे ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेचे शब्द महाराजांचेच. म्हणजे गाण्याच्या रात्रीपुरता असलेला गीतकार आता रोज संध्याकाळी गावात हजर राहू लागला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी जो लढा दिला, त्यालाही महाराजांचा पाठिंबा होता.

येथे मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सामुदायिक प्रार्थनेचा नियम असा, की सगळ्यांनी रांगेत, एका पट्टीवर बसायचे. कुणाला पाट नाही, कुणाला गादी नाही. आबाजी पंधरा-सोळा वर्षांचे असताना आमच्या गावात प्रार्थना सुरू झाली. आबाजींचा आवाज मोठा आणि ताल पक्का, त्यामुळे खंजिरी त्यांच्याकडे आली. ज्यांच्या घरी ते सालदार होते ते मालकही प्रार्थनेला येत आणि आबाजींच्या शेजारी, त्याच पट्टीवर बसत. आबाजी ओळ म्हणत आणि मालक ती झेलून मागे म्हणत. हे सांगताना आबाजींचा चेहरा आजही उजळतो. मालकाला आपल्या मागे म्हणायला लावणारी ती एक घटका त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही मार्गाने आली नसती.

माझ्या वडिलांना मात्र हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की प्रार्थना संपली की मालक वाड्यात आणि आबाजी गोठ्यात. सालाचा हिशेब तोच आणि भाकरी टाकायची रीतही तीच. पट्टी गुंडाळली की समानताही गुंडाळली जायची. म्हणून ते भजनाला जात नाहीत, आणि ज्या दिवशी भजन असते त्या दिवशी जेवताना घरात कुणी फारसे बोलत नाही. या दोघांत कोण बरोबर, हे मी ठरवू शकलेलो नाही. वडिलांचे बोलणे मला खोडता येत नाही. पण एवढे लक्षात येते, की मला शाळेत घालायचा हट्ट धरला तो आबाजींनी. शिक्षणावर भजने म्हणून म्हणून त्यांना तो शब्द पाठ झाला होता. वडील तेव्हा पोराला कामाला लावू म्हणत होते.

देश स्वतंत्र झाल्यावर महाराजांच्या नावाचा पसारा फार वाढला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रसंत म्हणून त्यांचा गौरव केला. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले, आणि तिथेही त्यांनी खंजिरीवर भजन म्हटले. १९५६ मध्ये भारत साधुसमाजाची स्थापना झाली, त्याच्या अध्यक्षपदी त्यांना नेमले. विनोबांच्या भूदानासाठी ते गावोगाव हिंडले. १९६२ च्या चीनच्या आणि १९६५ च्या पाकिस्तानच्या युद्धांत जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले. या यादीत मी जास्त वेळ घालवत नाही. जपानमधल्या श्रोत्यांना त्या भजनातले काय कळले असेल, याचे मात्र मला कुतूहल आहे. बहुधा खंजिरी कळली असावी.

याच १९५५ च्या सुमाराची ग्रामगीता. एकेचाळीस अध्याय, ४६७५ ओव्या. भजन सोडून महाराज ओवीकडे का वळले असावेत? मला वाटते, भजनाच्या चार कडव्यांत गाव मावत नव्हते. शेती, ग्रामसफाई, शिक्षण, स्त्रियांची उन्नती, लग्ने, सण, अंत्यविधी, गुंडगिरी, निवडणूक, उद्योगधंदे असे सारे त्यांना एका ठिकाणी सांगायचे होते. आणि वऱ्हाडातल्या बाईला ओवी जात्यावर ठाऊक, पुरुषाला पोथीत ठाऊक. पुन्हा तोच हिशेब: चाल माणसापाशी आधीच आहे, शब्द तेवढे नवे द्यायचे. लोकांनीही ते पोथीसारखेच स्वीकारले. पारायणे केली, लाल कापडात बांधले, फळीवर ठेवले. फळीवर ठेवण्यासाठी महाराजांनी ते लिहिले होते का, हा प्रश्न वेगळा. गटार कसे काढावे हे सांगणाऱ्या पुस्तकाला आम्ही कुंकू लावतो आणि गटार दारात तसेच राहते. आमच्या गावापुरते तरी हे खरे आहे.

कवी म्हणून त्यांचे मोल काय? सगळी भजने सारखीच उतरली आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांनी रचनाच इतकी केली, की त्यात पुष्कळ ठिकाणी निव्वळ उपदेश आहे, यमकासाठी शब्दांची ओढाताण आहे, आणि एकच विचार दहा भजनांत दहादा येतो. ग्रंथालयात बसून मी सलग तीस-चाळीस भजने वाचली तेव्हा खरे सांगायचे तर कंटाळलो. बा. सी. मर्ढेकर आम्हाला अभ्यासाला आहेत. त्यांच्या एका ओळीवर तासभर विचार करता येतो. इथे ओळ वाचली की संपली. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यातली काही भजने वहीत उतरवून गावी घेऊन गेलो आणि आबाजींना वाचून दाखवली. दोन ओळी ऐकून त्यांनी मला थांबवले, खंजिरी काढली, शेकली, आणि तीच भजने म्हणायला लागले. मी वाचताना ज्या ठिकाणी शब्द ओढूनताणून आणलेला वाटला होता, तिथे नेमकी थाप पडत होती. जिथे पुनरुक्ती वाटली होती तिथे मागच्या लोकांनी झेलण्यासाठी जागा ठेवलेली होती, आणि मागे त्या दिवशी मी एकटाच असल्यामुळे ती मलाच झेलावी लागली. आठ-दहा भजने झाली. वडील ओसरीवर पाठ करून बसले होते. त्यांचा पाय मात्र हलत होता, हे मी पाहिले. मी पाहिले हे त्यांनीही पाहिले आणि ते उठून बाहेर गेले.

तेव्हा माझा निष्कर्ष एवढाच, की कागदावरची परीक्षा या कवीला लावली तर ती अर्ध्या गाण्याची परीक्षा होते. आपण लावणीचा अभ्यास करतो, पोवाड्याचा करतो, जात्यावरच्या ओव्यांचाही करतो. त्यांच्या शेजारी खंजिरीभजनाला जागा द्यायला हरकत नसावी. आमच्या गुरुजनांनी याचा विचार करावा, अशी मी नम्रपणे विनंती करतो.

महाराजांचे शेवटचे दिवस वेदनेचे गेले. कर्करोग झाला होता. मुंबईला उपचार झाले, पण गुण आला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, गुरुकुंजात त्यांचा देह शांत झाला. वय एकोणसाठ. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. तिसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या नावाने आता लोकांना पदव्या मिळतात. आबाजींना मी हे सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसले आणि मग माझी पदवी कोणत्या विद्यापीठाची म्हणून त्यांनी विचारले. अमरावतीचे, गाडगेबाबांच्या नावाचे, असे सांगितल्यावर ते म्हणाले की तेही चालेल, ते तरी कुठे शाळेत गेले होते.

दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला मोझरीला पुण्यतिथी असते. गेल्या वर्षी आबाजींना घेऊन मी पहिल्यांदाच गेलो. यवतमाळहून अमरावती, तिथून नागपूर रस्त्याने मोझरी, एस. टी. खचाखच भरलेली. आबाजींनी खंजिरी पिशवीत घालायला नकार दिला आणि मांडीवर धरून बसले. गाडीत माझ्या वर्गातला एक मुलगा भेटला. त्याने खंजिरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हे कोण म्हणून विचारले. माझे आजोबा आहेत, खंजिरी वाजवतात, असे मी सांगितले. त्याचेही आजोबा मागच्या बाकावर होते. त्यांच्याजवळ टाळ होते.

मोझरीला माणसेच माणसे. दिवसभर ठिकठिकाणी भजने चालली होती, एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत होता, ध्वनिक्षेपक ओरडत होते. दुकाने, पाळणे, धूळ, पोरांची रडारड. पावणेपाचला हळूहळू सारे थांबू लागले. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिथे मौन पाळतात. जो जिथे असेल तिथे उभा राहतो. हजारो माणसे आणि आवाज नाही. मी आबाजींच्या शेजारी उभा होतो. त्यांनी डोळे मिटले होते. खंजिरी छातीशी धरलेली होती, आणि चकत्या वाजू नयेत म्हणून त्यांनी त्या अंगठ्याने दाबून धरल्या होत्या. दुसऱ्या हाताची बोटे चामड्यावर हलत होती, आवाज न करता. ताल कोणता ते मला बोटांवरून ओळखू आले.